दोन झेंड्यांचं जहाज

'द्युगे-त्रूएँ' हे ७४ तोफांचं फ्रेंच जहाज ट्रफाल्गारच्या लढाईतून १८०५ मध्ये निसटलं. पण दोनच आठवड्यांनी इंग्रजांच्या हाती सापडलं. 'इम्प्लॅकेबल' या नव्या नावानं ते १८०८ साली इंग्रजांसाठी रशियाशी लढलं. पुढं त्यावर कित्येक मुलं खलाशाचं काम शिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र दुरुस्तीचा खर्च ब्रिटनला परवडेना, फ्रान्सलाही ते नको होतं. २ डिसेंबर १९४९ रोजी दोन्ही देशांचे झेंडे लावून ते समुद्रात बुडवलं. पोर्ट्समथ बंदरात त्याच्या सोबतीला असलेलं, मुंबईत १८१७ साली बांधलेलं सागवानी 'त्रिंकोमाली' आज हार्टलपूलला जतन केलेलं आहे. मला वाटतं, अखेरच्या सलामीपेक्षा वेळेवर केलेली डागडुजी मोलाची.