बोट ठेवून वाचू या
(मोहाडीच्या प्रौढ वर्गातील भाषण)



गोष्ट वाचली म्हणजे आपण काय केले? अक्षरे जुळवली, पान संपले, पुस्तक मिटले. एवढ्याने गोष्ट आपली होत नाही. म्हणून आम्ही या वर्गात एक खेळ मांडला. लहान मुले लपवलेली वस्तू शोधतात ना, तसाच.

गोष्ट घेतली अण्णा भाऊ साठे यांची, ‘स्मशानातील सोनं’. अण्णा भाऊ १९२० साली वाटेगावात जन्मले. शाळा त्यांना जेमतेम पाहायला मिळाली. तरी पुढे ते मोठे लेखक झाले. त्यांच्या गोष्टीतला भीमा हा धिप्पाड गडी. तो मुंबईजवळ दगडाच्या खाणीत राबतो. पुढे तो स्मशानात जाऊन मेलेल्यांच्या अंगावरचे सोने उकरू लागतो.

आम्ही पाच चिठ्ठ्या लिहिल्या. एक माठाखाली ठेवली, एक फळ्यामागे, एक कोनाड्यात, एक सतरंजीखाली आणि एक दाराच्या कडीला. चौघाचौघांचे गट केले. चिठ्ठी सापडली की तिच्यावरचा प्रश्न वाचायचा आणि पुस्तकात उत्तर शोधायचे. नियम एकच. वाक्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायचे. "मला वाटते" चालायचे नाही.

खेळाआधी आम्ही विचारले, "भीमा कसा माणूस?"

सगळे एका सुरात म्हणाले, "चोर!"

कोनाड्यातल्या चिठ्ठीवर प्रश्न होता, ‘भीमाने हे काम केव्हा धरले?’ ती चिठ्ठी एका मावशीला सापडली. मावशी धानाच्या रोवणीला जाणारी. वर्गात कधी तोंड उघडत नसे. तिने पाने उलटली, ओळीवर बोट फिरवले आणि थांबली. खाण बंद पडल्याचे तिथे लिहिले होते. ते वाचून ती म्हणाली, "हाताले काम नव्हतं जी त्याच्या."

वर्ग गप्प झाला. शेजारच्या तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाण बंद म्हणजे चूल बंद, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

शेवटची चिठ्ठी शेवटच्या पानाची होती. भीमाची बोटे जातात, आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. चोरी चांगली, असे कोणी म्हटले नाही. पण नुसते "चोर" म्हणून कोणी थांबलेही नाही.

दुसऱ्या दिवशी एका भावाने घरून कर्जाचा कागद आणला. पूर्वी त्याने त्यावर न वाचताच अंगठा उठवला होता. आम्ही तोच खेळ मांडला. रक्कम कुठे लिहिली? मुदत कुठे? व्याज कुठे? बोट ठेवा, वाचा. व्याजाची ओळ त्यानेच शोधली. तोंडी सांगितले होते त्याहून व्याज जास्त होते. तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. मग कागदाची घडी करून म्हणाला, "आता विचाराले जातो."

मंडळी, गोष्टीत शोधायची सवय अशी घरी कामाला येते. येत्या शनिवारी नवी गोष्ट घेऊ. या खेपेला चिठ्ठ्या तुम्ही लिहा, आम्ही शोधू.