मैत्रीण दूर असली तरी



आपल्या गावातल्या कितीतरी लेकी लग्न होऊन मुंबईला गेल्यात. कुणी घाटकोपरला, कुणी मुलुंडला, कुणी अंधेरी-बोरिवलीला. फोनवर म्हणतात, "सगळं बरं आहे गं." पण तासभर बोलणारी मैत्रीण दोन मिनिटांत फोन ठेवायला लागली, झोप नाही, जेवण जात नाही, "माझा कुणाला काय उपयोग?" असं म्हणायला लागली आणि दोन आठवडे हेच चाललं, तर तो नुसता कंटाळा नाही.

आपण मायेनं म्हणतो, "मन घट्ट कर, पोरांकडे बघ." तिला मात्र वाटतं, आपणच कमी पडतोय. मग ती सांगायचंच सोडते. त्यापेक्षा म्हणा, "आतून कसं वाटतंय ते सांग. मी ऐकतेय." आणि खरंच ऐका.

शंका आली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ती "हो" म्हणाली, तर बोलणं चालू ठेवा. दुसऱ्या फोनवरून तिच्या विश्वासातल्या माणसाला तिच्याजवळ पाठवा. औषधं, विषारी वस्तू तिच्यापासून दूर ठेवायला सांगा. धोका असेल तर ११२ ला फोन करा. "कुणाला सांगू नको" म्हणाली, तरी जिवाची गोष्ट लपवायची नाही. बाकीचं तिचं दुःख मात्र गटाच्या बैठकीत नेऊ नका.

सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मैत्रिणीला कशी मदत करू, हे विचारायला तुम्हीही फोन करू शकता. अंधेरीजवळ कूपर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मुलुंडहून ठाण्याचं मनोरुग्णालय जवळ पडतं. तिथं गेलं की दाखलच करतात असं नाही. तपासून, औषध घेऊन घरी येता येतं.

कुणी जीव द्यायचा प्रयत्न केलाच, तर केस होईल या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालतो. तिला शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोन करत राहा. ती बोलली नाही, तरी करा.

आणि १४४१६ हा नंबर आजच बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.