पेशींतील घटिकापात्र



तुळजापूरच्या आई भवानीस वर्षातून तीन वेळा पलंगावर निद्रा घडविली जाते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. देवीच्या निद्रेची आपण एवढी बूज राखतो. मात्र रात्रभर पिकास पाणी देऊन आलेला आपलाच मुलगा दुपारी पेंगू लागला, की त्यास आळशी ठरवून मोकळे होतो. म्हणून आज आम्हांस झोपेमागील घड्याळाविषयी बोलावयाचे आहे.

कोंबडा उजेड पाहून आरवतो, असा आपला समज. जपानी संशोधकांनी २०१३ साली त्यास सतत मंद प्रकाशात ठेवून पाहिले. तरीही तो पहाटेच्या वेळी आरवतच राहिला! घड्याळ त्याच्या अंगातच होते. १९७१ साली अमेरिकेत कोनोप्का व बेंझर यांना तीन तऱ्हेच्या विचित्र फळमाश्या आढळल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीस दिवसरात्रीचे भानच नाही. तिन्हींचे मूळ एकाच जनुकात निघाले. त्या जनुकाचे कार्य उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पूर्वी लग्नघरी पाण्यावर घटिकापात्र सोडीत. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत येई, पात्र भरून बुडे, आणि रिकामे करून ते पुन्हा तरंगत ठेवीत. पेशीतही काहीसे असेच घडते. केंद्रकात दोन प्रथिने या जनुकापाशी बसतात आणि जनुकाची नक्कल उतरू लागते. यासच प्रतिलेखन म्हणतात. नक्कल केंद्रकाबाहेर जाते, तिच्यावरून नवे प्रथिन घडते, ते सावकाश साचते आणि केंद्रकात परतून स्वतःच्याच जनुकाचे प्रतिलेखन बंद पाडते. पुढे ते नष्ट झाले, की नक्कल पुन्हा सुरू. माणसात हा फेरा सुमारे २४ तासांचा. सारे मर्म त्या विलंबात आहे. प्रथिन तत्काळ परतते, तर घड्याळ झालेच नसते.

या घड्याळास वेळ लावून देतो तो डोळ्यांत शिरणारा उजेड. कृषिपंपास आठवड्याआड रात्रीची वीज, ही पद्धत आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसली आहे. मुलगा पहाटे शेतावरून परततो, तेव्हा कोवळे ऊन त्याच्या डोळ्यांवर येते आणि मेंदूतील पेशी दिवस उगवला असेच समजतात. मग पांघरूण ओढूनही झोप लागत नाही. घड्याळ दिवसाकाठी फार तर तासभर सरकणार. ते पुरते वळण्याआधीच आठवडा संपतो आणि पाळी पुन्हा दिवसाची होते.