बिलातला डॉक्टरांचा वाटा

दवाखान्याचं बिल हातात पडलं की 'डॉक्टरांना काय, पैशाला तोटा नाही' असं म्हणून लोक मोकळे होतात. पण डॉक्टरांची कमाई हा एक आकडा नाहीच.

आधी वय बघावं. बारावीनंतर साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं पीजी. हृदयरोगतज्ज्ञ व्हायचं तर आणखी तीन. इंजिनिअर झालेल्या वर्गमित्राचं घर उभं राहतं, तेव्हा कुठे यांची धड कमाई सुरू होते. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांत इंटर्नला 2024 पर्यंत महिन्याला 11,000 रुपये मिळत. मग ते 18,000 झाले.

केंद्र सरकारच्या नोकरीत सातव्या वेतन आयोगानुसार मूळ पगार 56,100 पासून. वर महागाई भत्ता आणि खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मूळ पगाराच्या 20 टक्के.

खासगीत मात्र सगळा हिशेब विषयावर आणि गावावर. तालुक्याच्या गावातला भूलतज्ज्ञ बघा. त्याची स्वतःची ओपीडी नाही, पेशंटही नाही. सर्जनचा फोन आला की बॅग घेऊन निघायचं, सकाळी या हॉस्पिटलात हर्निया, रात्री दोन वाजता त्या हॉस्पिटलात सिझेरियन. पैसे केसमागे, तेही कधी महिन्याअखेर. शेजारच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं नाव मोठं, पण त्यांच्या गल्ल्यातून आधी सोनोग्राफी मशीनचा हप्ता, नर्सचे पगार आणि जनरेटरचं डिझेल जातं.

आणि एक वाटा कुठल्याच बिलावर छापलेला नसतो: पेशंट पाठवणाऱ्याला मिळणारा कट. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनं तो निषिद्ध ठरवला. 2017 मध्ये मुंबईतल्या एका हृदयरुग्णालयानं 'आम्ही कमिशन देत नाही' अशा अर्थाचा फलक लावला, तर डॉक्टरांच्याच संघटना खवळल्या! पुढे माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीनं कटविरोधी कायद्याचा मसुदा केला. चांगल्या डॉक्टरांचं नाव सर्वांत जास्त खराब केलं ते या कटानं.

दुसऱ्या टोकाला मेळघाटातलं बैरागड. तिथे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि नंतरच्या खेपेचा एक रुपया घेतला. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

सगळ्यांनी तसं व्हावं, असं म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा एवढं करा: महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमना 2021 च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती वाचा, दर आधीच विचारा आणि बिलात डॉक्टरांची फी वेगळी लिहून मागा.