शब्दसंपत्ती आणि अर्थ

(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



नोकरीनिमित्त मी जयपूरला गेलो, तेव्हा इंग्रजी शब्दांची एक वही माझ्यासोबत होती. रोज दहा शब्द पाठ करावेत आणि आठवड्याने त्यांतले आठ विसरावेत, असा क्रम चाले. कार्यालयातील बैठकीत बोलण्याचे धाडस होत नसे. आपण मराठी माध्यमात शिकलो, याचा मनोमन विषाद वाटे.

एका रविवारी मी जंतरमंतर पाहावयास गेलो. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली ही वेधशाळा. तेथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्याच्या दक्षिणोत्तर तिरप्या भिंतीची सावली वेळ दाखवते. ती भिंत दाखवून मार्गदर्शक 'मेरिडियन' म्हणाला. शब्द माझ्या वहीतला होता, पण अर्थ काही केल्या आठवेना.

घरी येऊन कोश उघडला. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील 'मेडियस' म्हणजे मधला आणि 'डिएस' म्हणजे दिवस, हे दोन शब्द आहेत. आपला 'मध्यान्ह' नेमका असाच घडलेला! घड्याळातील ए.एम. आणि पी.एम. यांचाही उलगडा झाला : मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर. तो शब्द मी पुन्हा कधीच विसरलो नाही.

जयसिंहांच्याच आश्रयाने जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. परक्या संज्ञांचा अर्थ आपल्या भाषेत पक्का केल्यावाचून असे कार्य सिद्धीस जात नाही.

म्हणून मित्रांनो, यादी पाठ करण्यापेक्षा थोडे शब्द घ्या. पण त्यांचा अर्थ, घडण आणि मराठीतील सोबती शोधा. नुसत्या उच्चारसाम्यावर विसंबू नका, कोश पाहा. मग त्याच दिवशी तो शब्द स्वतःच्या वाक्यात वापरा.

जाता जाता एकच सांगतो. 'मीडियम' हा शब्दही त्याच 'मेडियस'पासून आला आहे आणि आपले 'माध्यम' 'मध्य' या शब्दापासून. 'मेडियस' आणि 'मध्य' हे तर प्राचीन काळचे सगेच. ज्या मराठी मीडियमची मला लाज वाटत होती, त्या 'मीडियम'चा अर्थ मला अखेर मराठीनेच उलगडून दिला. या शाळेचे हे ऋण मी कृतज्ञतेने मान्य करतो.