सामाईक भिंत



भूममधलं आमचं माळवदाचं घर विकायला काढलंय. त्या ओसरीवर तुमच्यातल्या कितीजणांनी दहावीचा अभ्यास केलाय, म्हणून चार शब्द बोलते.

दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर. दरवर्षी मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोक अशा घरांना भ्यायले, स्लॅब आले. आता माती टाकायला माणूस मिळत नाही.

आमची एक भिंत चाचींच्या घराशी सामाईक. समोर लिंगायत अप्पा, कोपऱ्यावर जैन काकू. शीरखुर्मा आणि करंज्या माळवदावरूनच इकडून तिकडे जायच्या.

२००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित घरात आम्हा बहिणींचाही भावाइतकाच वाटा आहे. दादा म्हणाला, "तुमच्या सह्यांशिवाय व्यवहार नाही." चाचींच्या नातवाला घर हवंय. भाव थोडा कमी आहे. "त्यांना कशाला देता? आपल्यातलं गिऱ्हाईक बघा," असंही काहींनी सुचवलं. आम्ही तिघांनी ठरवलं, ज्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे, त्यांच्याहून जवळचं कोण? सही त्यांच्याच नावे होईल.

दिवाळीपर्यंत घर उघडं आहे. येऊन जा. चहा चाचींकडे.