पोथी कुठवर आली?

आमच्या शाहूवाडी तालुक्यात आषाढात पाऊस लागला की आंबा घाटाच्या तोंडापासून मलकापूरपर्यंतचा मुलूख ढगात बुडून जातो. रोपलावण उरकलेली असते, वाटा निसरड्या झालेल्या असतात आणि दिवेलागणीला माणसं घरातच सापडतात. माझ्या लहानपणी याच दिवसांत आमच्या आळीत एका घराच्या सोप्यात पोथी लावली जायची. कधी श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’, कधी ‘पांडवप्रताप’. कंदिलाजवळ बसून एक जण ओव्या वाचायचा, दुसरा त्यांचा अर्थ सांगायचा. पुरुष सोप्यात, बायका आतल्या चौकटीशी, आणि आम्ही पोरं जिथं अंग मावेल तिथं. अध्याय संपला की पोथी फडक्यात बांधून फळीवर जायची.

माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. घरचं काम आवरता आवरत नसे, त्यामुळं तिला रोज सोप्यावर जाता यायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी रानात भांगलताना, पाठीवर इरलं घेऊन ओणवी झालेली ती शेजारच्या पातीवरच्या बाईला विचारायची, “पोथी कुठवर आली गं?” ती बाई हातातलं खुरपं न थांबवता सांगायची. पांडव द्यूतात हरले. वनवासाला निघाले. कुंतीला मागं ठेवावं लागलं. मधेच दोघी गप्प व्हायच्या, मग एखादी म्हणायची, “त्या म्हातारीचं कसं झालं असंल गं.” बोलता बोलता पात बांधाला लागायची.

पोथी चांगली आहे का, असं त्या दोघींनी एकमेकींना कधी विचारलेलं मला आठवत नाही. ती कुठवर आली, एवढंच विचारायचं असायचं. आज पुस्तकांविषयी तुमच्याशी बोलायला बसले तेव्हा आजीचा हाच प्रश्न माझ्या मनात होता.

मी पुढं शिक्षिका झाले. तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत नोकरी केली. पुस्तकं वाचायची आणि दुसऱ्याला वाचायला द्यायची, ही सवय नोकरीच्या पहिल्या वर्षापासून लागली. पण कितीतरी वर्षं मी ती एकाच तऱ्हेनं दिली. स्वतः वाचून संपवायचं, मनाशी त्याला गुण द्यायचे आणि समोरच्याला म्हणायचं, “फार छान आहे, जरूर वाचा.” समोरचा मान डोलवायचा, पुस्तक पिशवीत घालायचा. महिन्यानं ते परत यायचं आणि “आवडलं” एवढंच ऐकू यायचं. त्यानं ते उघडलं होतं की नाही, हेही मला कळायचं नाही. ‘छान आहे’ या दोन शब्दांवर पुढं बोलण्यासारखं काही उरतच नाही.

हे माझ्या ध्यानात आलं ते एका पालकामुळं. त्यांचं नाव मी सांगत नाही. वारणेवर चांदोलीला धरण झालं, वरच्या रानाचं अभयारण्य झालं, २००४ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. या सगळ्यात जी गावं उठली, त्यांतल्या एका गावचे हे गृहस्थ. मूळ गावी ते चार बुकं शिकलेले. त्यांना वाचायची भूक होती, हे मला माहीत होतं. मी त्यांना विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ दिली. पाटील आमच्याच तालुक्यातल्या नेर्ले गावचे. कादंबरी धरणग्रस्तांची, १९९२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली. मला वाटलं, याहून योग्य पुस्तक या माणसाला दुसरं कुठलं असणार? मी उत्साहानं सांगितलं, “तुमचीच गोष्ट आहे. फार मोठं पुस्तक आहे, वाचाच.”

आठ दिवसांनी ते पुस्तक घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, “बाई, ह्यात समदं आमचंच हाय. म्हणूनच वाचवंना मला. चार पानं झाली की झोप जातीय.”

मला बोलायला काही सुचलं नाही. ‘झाडाझडती’ आजही मला आपल्या भाषेतल्या थोर कादंबऱ्यांपैकी एक वाटते. पुस्तकाकडं बोट करण्यासारखं काहीच नव्हतं. चूक माझी होती. मी पुस्तकाविषयी माझा निकाल त्यांच्या हातात ठेवला होता. त्यांच्या मनाला सध्या काय पेलेल, ते रात्री काय घेऊन झोपतात, हे मी विचारलं नव्हतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मी स्वतः ते पुस्तक वाचताना कुठं थांबले होते, कुठं मला पुस्तक मिटावं लागलं होतं, हे त्यांना सांगितलं नव्हतं. ते सांगितलं असतं, तर ते सावध होऊन आत शिरले असते, किंवा शिरलेच नसते.

काही वर्षं मधे गेली. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ माझ्या हाती आली. खोत शेजारच्या पन्हाळा तालुक्यातले. त्यांची ‘झड-झिंबड’ मी आधी वाचली होती. आमच्यासारख्या डोंगरी मुलखातल्या अतिपावसाची ती कादंबरी आहे, आणि ती वाचताना आपल्याच घराच्या भिंतींची ओल हाताला लागते. ‘रिंगाण’मध्येही धरणानं उठवलेली माणसं आहेत. पण गोष्ट फिरते ती मागं राहून गेलेल्या एका म्हशीभोवती आणि तिला आणायला परत त्या मुलखात गेलेल्या माणसाभोवती. मी निम्म्यावर होते, तेव्हा मलकापूरच्या एसटी स्टँडवर ते गृहस्थ भेटले. मी सहज बोलून गेले, “एक पुस्तक वाचतेय. गाव उठलंय, माणसं खाली आलीत, म्हैस वरच राहिलीय. ती आता माणसाला ओळखंना झालीय. मी तिथंवर आलेय.”

ते एकदम माझ्याकडं वळले. म्हणाले, “आमच्याबी एकाची ऱ्हायली हुती.” गाडी येईपर्यंत त्यांनी मला त्या जनावराची हकिगत सांगितली. रंग, शिंगं, गळ्यातली घंटा, सगळं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याशी गाव सोडल्याचं कधी काढलं नव्हतं. गाडीत चढताना म्हणाले, “तुमचं झालं की मला द्या. म्हशीचं काय झालं त्ये मातुर सांगू नगासा.”

त्यांनी ती कादंबरी पावसाळाभर पुरवली. रोज दोन-तीन पानं. बाजारात भेट झाली की मी विचारायची, “म्हस कुठवर आली?” आणि ते सांगायचे. २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘रिंगाण’ला जाहीर झाला, तेव्हा त्यांचा मला फोन आला. “बाई, आपल्या पुस्तकाला मिळालं की!” आपल्या पुस्तकाला, असं ते म्हणाले.

पुस्तक आणि वाचक यांची अशी गाठ पडली की मला डॉ. रंगनाथन आठवतात. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशा अर्थाची दोन सूत्रं त्यांत शेजारी-शेजारी आहेत. वाचकापर्यंत पुस्तक पोचवणं आपल्या कोल्हापूरला नवं नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून आहे. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि देशातला अशा तऱ्हेचा पहिला कायदा म्हणून त्याचा उल्लेख होतो. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर १९६७ साली आला. कायदा झाला, अनुदान आलं, गावोगाव कपाटं आली. पण कपाटातलं पुस्तक आणि बाकावरचा वाचक यांची गाठ घालून देणारं माणूस कायद्यानं निर्माण होत नाही. आज आपल्याकडच्या कितीतरी वाचनालयांत अभ्यासिका भरलेल्या असतात. मुलंमुली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मांडीवर घेऊन कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाला पाठ टेकून बसतात, आणि त्या कपाटाला कुलूप असतं. ते पाहून माझा जीव कळवळतो.

जुन्या वाचनालयांतल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असायची. नवं पुस्तक घरी आणलं की मी आधी ती चिठ्ठी बघायची. एखाद्या पुस्तकावर लागोपाठ तारखा असत, एखाद्यावर चार वर्षांत एकच. ती एकुलती एक तारीख पाहिली की मला त्या वाचकाला शोधून काढावंसं वाटे. समासात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, ‘इथून पुढे फार वाईट वाटते’, ‘हा मामा आमच्या मामांसारखा’. पुस्तक खराब करू नये, हे मीही वर्गात शिकवलं. तरी त्या पुसट अक्षरांनी मला जेवढी पुस्तकं वाचायला लावली, तेवढी एकाही परीक्षणानं लावली नाहीत.

आपल्या भाषेत वाचकाची आणि पुस्तकाची गाठ घालून देण्याचं काम ज्यांनी मन लावून केलं, त्यांची आठवण काढायलाच हवी. ‘ललित’ मासिक १९६४ साली सुरू झालं आणि नवं काय छापून आलंय हे खेड्यातल्या वाचकापर्यंत पोचू लागलं. चोखंदळ वाचकांनी निवडलेल्या पुस्तकांची त्यात येणारी यादी मी वहीत उतरवून ठेवायची. गोविंदराव तळवलकरांच्या ‘वाचता वाचता’मधून जगभरची पुस्तकं आमच्यापर्यंत आली. पण माझ्या आजीच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं पुस्तक कुठलं, असं विचाराल तर मी कवी सतीश काळसेकर यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’चं नाव घेईन. ‘आपले वाङ्मय वृत्त’ या मासिकात त्यांनी सदर लिहिलं, त्याचं हे पुस्तक झालं, आणि २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एरवी कविता-कादंबऱ्यांना मिळणारा मान एका माणसाच्या वाचत राहण्याला मिळाला, याचा मला फार आनंद झाला होता. काळसेकर २०२१ साली गेले. त्यांच्या लिहिण्यात पुस्तक एकटं येत नाही. ते कुणी दिलं, कुठं सापडलं, कुणाची आठवण घेऊन आलं, हे सगळं त्याच्यासोबत येतं. वाचून हातावेगळं केलं, असा भाव त्यात नाही. वाचणं चालू आहे, आणि चालू असतानाच ते आपल्याशी बोलताहेत.

आता आमच्याकडं सोप्यात पोथी लावणारी घरं थोडी राहिली. पण बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला आहे आणि प्रत्येकाच्या हातात फोन आहे. माझे जुने विद्यार्थी, त्यांचे आईवडील, दोन-तीन निवृत्त सहकारी असे आम्ही पंधरा-वीस जण फोनवरून एकमेकांना सांगतो, सध्या काय चाललंय. नियम म्हणाल तर एकच ठरलाय. संपलेल्या पुस्तकाविषयी सांगायला हरकत नाही, पण आधी हातात असलेल्या पुस्तकाविषयी सांगायचं. किती पानं झाली, कुठं अडलंय, काल रात्री कुठल्या ओळीवर दिवा मालवला. मुंबईत भाजी मार्केटात काम करणारा एक मुलगा पहाटे कामावर जाताना बोलून पाठवतो, त्याच्या बोलण्यामागं हमालांची हाकाटी ऐकू येते. इकडं पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते, रेंज जाते. मग कुणीतरी पुलाजवळच्या चढावर जाऊन सगळ्यांचं ऐकून येतं आणि घरी येऊन सांगतं. अगदी आजीच्या पातीवरच्या बाईसारखं.

यात पुस्तक अर्धवट सोडल्याचंही मोकळेपणानं सांगता येतं. “मला पुढं जाववंना,” असं कुणी म्हटलं की दुसरं कुणी सांगतं, “तीस पानं दम धर, नदीपर्यंत जा.” कधी सगळेच म्हणतात, ठेव बाजूला, पुढच्या वर्षी बघ. ‘झाडाझडती’ मिटून परत आणून देणाऱ्या त्या माणसाला माझ्याकडून हेच ऐकायला मिळायला हवं होतं.

आमच्यात एक मुलगी आहे. माझ्या शाळेत होती, आता पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे धावायला जाते, दुपारी अभ्यासिकेत बसते. तिला मी कुठलंच पुस्तक सुचवलं नव्हतं. मी पुन्हा एकदा आनंद यादवांची ‘झोंबी’ वाचायला काढली होती आणि रोज थोडं थोडं सांगत होते. कागलचा पोरगा, रानातली कामं, शाळा सोडवणारा बाप आणि शिकायचं म्हणून झुरणारा तो. चौथ्या दिवशी तिचा निरोप आला, “मॅडम, पुस्तक कुठं मिळेल?” मी माझी प्रत एसटीनं पाठवून दिली, माझं वाचन तिथंच थांबवून.

गेल्या आठवड्यात तिनं रात्री अकराला निरोप पाठवला. आई आणि पोरगा गावातल्या वजनदार दत्ताजीरावांच्या वाड्यावर जाऊन आलेत. त्यांनी बापाला बोलावून खडसावलंय. पोराला शाळेत जायला मिळणार आहे. “पण मॅडम, वर्गात त्याला कुणी नीट वागवेल का हो?” असं तिनं शेवटी विचारलंय.

पोराला कवितेची गोडी लावणारे सौंदलगेकर मास्तर गोष्टीत अजून यायचेत. मी तिला काही सांगितलेलं नाही. एवढंच कळवलं, “पुढं गेलीस की सांग, कुठवर आलीस ते.”